इंग्रजी व्याकरण बरोबर, तरी नोकरीचा अर्ज का फसतो?

'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट...' पदवीच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी अर्ज अजूनही असे सुरू होतात. मग घरची परिस्थिती आणि संधी दिल्यास आयुष्यभर ऋणी राहण्याचं आश्वासन. व्याकरणाची चूक एकही नसते. पण अर्ज चाळणाऱ्याला हवं असलेलं उत्तर, म्हणजे काम कोणतं येतं, सापडत नाही.

हा साचा येतो कुठून? बराचसा शाळेतल्या विनंतीपत्रातून. महोदय, अडचण, विनंती, 'आपला कृपाभिलाषी'. त्यात भर ब्रिटिशकालीन कचेरीतल्या इंग्रजीची. भाषातज्ज्ञ विजय भाटिया यांनी १९९३च्या 'ॲनलायझिंग जॉनर' या पुस्तकात दक्षिण आशियातल्या नोकरीच्या अर्जांची ही सवय नोंदवली आहे: स्वतःची पात्रता मांडण्याऐवजी समोरच्याची थोरवी आणि स्वतःचं लहानपण. म्हणजे विद्यार्थ्याची भाषा इंग्रजी असते, पत्र मात्र अर्ज-विनंतीचंच राहतं.

वर्गात हे क्वचितच सांगितलं जातं. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष बी.कॉम.ला 'बिझनेस कम्युनिकेशन' हा विषय वर्षानुवर्षं होता. त्यात नोकरीच्या अर्जापासून ग्राहक तक्रारीपर्यंतची पत्रं शिकवली गेली. पण भरगच्च वर्गात तपासायला सोपा असतो तो साचा: तारीख कुठे, 'डिअर सर'नंतर स्वल्पविराम आहे का, शेवटी 'फेथफुली' की 'सिन्सिअरली'. (शिक्षकांना तरी दोष किती द्यायचा? गठ्ठे त्यांनाच तपासायचे असतात.)

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि नेमका हाच भाग फुकट झाला. साचा, स्पेलिंग, व्याकरण काही सेकंदांत मिळतं. पण मुलाने सुट्टीत काकांच्या दुकानात टॅलीमध्ये जीएसटीची बिलं भरली होती, हे यंत्राला कसं कळणार? मुलालाही ते लिहिण्याजोगं वाटत नाही. म्हणून सगळ्यांचे अर्ज 'पॅशनेट' आणि 'डायनॅमिक' होतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं यात जास्त नुकसान आहे, कारण चुका झाकल्या गेल्यावर नेमकं काय कमी पडतंय हे कोणालाच दिसत नाही.

वर्गात आधी खरी जाहिरात द्यावी, तिला काय हवंय ते मराठीत लिहून घ्यावं, त्यासमोर स्वतः केलेलं काम मांडावं, आणि इंग्रजी त्यानंतर. यंत्राची मदतही तेव्हाच घ्यावी. प्रश्नपत्रिकेत मात्र अनेकदा सूचना असते: आवश्यक तपशील काल्पनिक घ्या.