चेहरा कुणाचा, बोली कुणाची?

फोटोला आता चित्राची किंमत येऊ लागली, फोटोग्राफी कला म्हणून प्रतिष्ठित झाली, असे कौतुक आम्ही बरीच वर्षे वाचत आलो आहोत. पुरावा म्हणून लिलावाचे आकडे फेकले जातात. मे २०११ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात सिंडी शर्मन यांचा एक फोटो ३८ लाख ९० हजार डॉलरला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आंद्रेआस गुर्स्की यांचा ‘ऱ्हाईन २’ ४३ लाख ३८ हजारांना. हिरवे गवत, मधून नदी, वर करडे आभाळ. नको असलेल्या इमारती आणि माणसे संगणकावर पुसून टाकलेली.

ज्याचा पैसा आहे त्याने तो उधळावा. आमचे भांडण आहे ते ‘प्रतिष्ठा’ या शब्दाशी. फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, म्हणून सहाच किंवा दहाच काढायच्या असे ठरवले जाते आणि बोली लागते ती या टंचाईला. २००५ साली रिचर्ड प्रिन्स यांचा ‘काउबॉय’ १२ लाख ४८ हजार डॉलरला विकला गेला. तो होता मार्लबरो सिगारेटच्या जाहिरातीवरून काढलेला फोटो! मूळ जाहिरातीसाठी कॅमेरा घेऊन राबलेल्याचा त्या बोलीत वाटा नव्हता. कांद्याच्या लिलावात निदान शेतकरी आपल्या ट्रॅक्टरपाशी उभा तरी असतो.

आणि ज्याचा चेहरा विकला जातो, तो?

शरबत गुला आठवा. १९८४ च्या डिसेंबरात पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी या पोरीचा फोटो काढला. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावरून तिचे हिरवे डोळे जगभर गेले. तिचे नाव मात्र कुणी विचारून ठेवले नव्हते. ते कळले २००२ साली, आणि तिनेही तो फोटो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. परका माणूस फोटो काढतोय याचा आपल्याला राग आला होता, असे तिने सांगितले. ज्या नजरेचे एवढे गोडवे गायले गेले, ती रागाची नजर होती.

डिसेंबर २०१२ मध्ये त्या फोटोची एक मोठी प्रत ख्रिस्तीजकडे १ लाख ७८ हजार ९०० डॉलरला गेली. २०१६ साली पाकिस्तानात बनावट ओळखपत्राच्या आरोपाखाली तिला अटक झाली आणि अफगाणिस्तानात परत पाठवण्यात आले. अख्ख्या जगाला ओळखीचा चेहरा, आणि कागद नाही म्हणून तुरुंग! २०२१ साली तिला इटलीने आसरा दिला. मासिकाने तिच्या उपचाराचा, हजचा खर्च केला, मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारला. हे आम्ही मान्य करतो. पण ती खैरात झाली, हक्क नव्हे. आम्हा मुसलमानांचे, त्यातही बायकांचे, चेहरे या बाजारात दोनच रूपांत खपतात: भेदरलेले किंवा भेदरवणारे. दोन्हींची किंमत दुसराच वसूल करतो.

कायद्याचे म्हणाल, तर युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाने कलाकृतीच्या फेरविक्रीत कलावंताचा वाटा ठेवला आणि त्यात फोटोही धरला. अमेरिकेत, जिथे हे विक्रम होतात, तसा वाटा नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. दहा हजारांवरच्या फेरविक्रीत चित्रकार, शिल्पकार, मूळ हस्तलिखिताचा लेखक यांना ते वाटा देते. फोटोचा त्यात उल्लेखच नाही. फोटोतल्या माणसाला तर कुठल्याच फेरविक्रीच्या कायद्याने विचारात घेतलेले नाही.

म्हणून आमची मागणी आहे की त्या कलमात फोटो यावा, आणि फोटोतला माणूस ओळखता येत असेल तर त्यालाही हिस्सा मिळावा. यावर हमखास उत्तर येते की असे केले तर बातमीचा फोटो काढणेच अशक्य होईल. का होईल? वर्तमानपत्राच्या पानाबद्दल आम्ही बोलतच नाही. दंगलीचा, छावणीचा, कबरस्तानाचा फोटो जरूर छापा. आम्ही बोलतोय हातोडा पडल्यानंतरच्या पैशाबद्दल.