झेल खरा, मग दोर खोटा?

या सदरांत क्रिकेटचा विषय क्वचितच येतो, आणि आला तरी घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस तो पोरखेळ वाटतो, हें आम्ही जाणून आहों. परंतु तुळिंज येथें आमचे एक आप्त राहतात. नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस त्यांचें जुनें, बाराचौदा माणसांचें घर आहे; आणि त्या घरीं एका झेलानें जो वाद माजविला, त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. वाद ऐकतां ऐकतां आम्हीहि त्यांत ओढले गेलों, म्हणून हा लेखनप्रपंच.

झेल बहुतेक वाचकांनीं पाहिलाच असेल. 29 जून 2024 रोजीं बार्बाडोस बेटावर ब्रिजटाउन येथें वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकांत दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या, आणि समोर डेव्हिड मिलर होता. हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू त्यानें उंच टोलविला. सूर्यकुमार यादव सीमेलगत धावत आला, त्यानें चेंडू आंत झेलला, तोल बाहेर जातो असें दिसतांच तो वर उडविला, सीमेबाहेर पाऊल टाकलें, पुन्हां आंत आला आणि तोच चेंडू दुसऱ्यांदां हातांत घेतला. तिसरे पंच रिचर्ड केटलबरो यांनीं चित्रें पाहून फलंदाज बाद दिला. भारत 7 धावांनीं जिंकला.

त्या रात्रीं तुळिंजच्या घरीं कोणी झोपलें नाहीं. पुढें 5 जुलै रोजीं विधानभवनांत खेळाडूंचा सत्कार झाला, तेव्हां सूर्यकुमारानें मराठींत सांगितलें कीं झेल हातांत बसला. त्यावर कर्णधार रोहित शर्मा म्हणाला कीं बसला तें बरें झालें, नाहींतर मींच याला बसविला असता. 'बसणें' या एका क्रियापदावर सबंध सभागृह हसलें. आमच्या आप्तांकडे मात्र तोंवर हसण्याचे दिवस संपले होते.

झालें असें कीं थोरल्या चिरंजीवांनीं, जे व्यवसायानें स्थापत्यविशारद आहेत, मोबाइलवर आलेलें एक छायाचित्र जेवतांना सर्वांस दाखविलें. सीमेवर आतां दोर म्हणावा तसा दोर नसतो. त्रिकोणी गाद्यांची रांग असते. त्या गाद्यांच्या आंतल्या बाजूस गवतावर एक पांढुरका पट्टा त्या चित्रांत स्पष्ट दिसत होता. चिरंजीवांचें म्हणणें असें: गाद्या मूळच्या त्या पट्ट्यावर होत्या, त्या मागें सरकल्या, आणि सूर्यकुमाराचा पाय पडला तो खऱ्या सीमेच्या बाहेर. म्हणजे तो झेल नव्हे, षटकार!

धाकटे काका संतापून ताटावरून उठले. "घरांत राहून परक्यांची वकिली करतोस?" असा त्यांचा प्रश्न. प्रश्न वजनदार असला तरी त्यांत उत्तर नव्हतें.

उत्तर दिलें तें तात्यांनीं. तात्या रेल्वेंतून निवृत्त झालेले. ऐन उमेदींत त्यांनीं रविवारच्या क्लबसामन्यांत पंचगिरी केलेली. ते म्हणाले, नियम पाहा. मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या नियमावलींत सीमेचा नियम 19 वा आहे. नाणेफेकीपूर्वीं पंचांनीं सीमा ठरवावयाची; आणि सीमेची वस्तु खेळ चालू असतां कोणत्याहि कारणानें सरकली, तर सीमा मूळ जागींच आहे असें मानावयाचें. तेव्हां गाद्या सामन्यांत सरकल्या असतील, तर मुलाचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु पट्टा जुना असेल, आधींच्या सामन्यांत गाद्या तेथें पडून राहिल्यामुळें गवत फिकें झालेलें असेल, आणि या सामन्यापुरती सीमा मागें आंखलेली असेल, तर तो पट्टा म्हणजे पुसून टाकलेल्या पाटीवरचा डाग. खेळपट्टी बदलली कीं सीमा सरकवावी लागते, हें त्यांनीं चारदोन वेळां स्वतः केलेलें होतें.

आम्हांला येथें गंमत वाटली ती ही कीं, सारा देश सूर्यकुमाराच्या बुटाकडे डोळे लावून बसला होता आणि वाद मुळीं बुटाचा नव्हताच. मैदानावर गाद्या मांडणाऱ्या माणसाचा होता. बूट गादीला लागला नाहीं, हें उपलब्ध चित्रांवरून आम्हांस तरी पटतें. दक्षिण आफ्रिकेचे माजी कर्णधार शॉन पोलॉक यांनींहि झेल निर्दोष ठरविला. पराभूत पक्षाच्या माणसाची ही साक्ष आम्ही मोलाची समजतों.

इतक्यांत अमेरिकेंतून, डॅलसहून, पुतण्याचा फोन आला. त्यानें आणखीच तेल ओतलें. तिकडच्या फुटबॉलमध्यें चेंडू हातानें झेलतात, आणि 11 जानेवारी 2015 रोजीं डॅलसच्या डेझ ब्रायंट यानें ग्रीन बे येथें घेतलेल्या एका अचाट झेलावर त्याचे शेजारी अजून भांडतात. मैदानावरील पंचांनीं झेल दिला. मग चित्रें पाहून तो फिरविला, कारण जमिनीवर आपटतांना चेंडू हातांत स्थिर राहिला नाहीं. डॅलस हरलें. पुढें 2018 सालीं झेलाचा तो नियमच बदलण्यांत आला! क्रिकेटमध्येंहि सीमेबाहेर अधांतरीं राहून चेंडू वारंवार टोलवीत आंत आणण्याच्या युक्तीवर 2025 सालीं बंधन आलें; मात्र सूर्यकुमारानें चेंडू आंतूनच उडविला आणि आंतच घेतला, तेव्हां नव्या नियमानेंहि त्याला बाध येत नाहीं.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर निकाल बरोबर होता, परंतु तो देण्याची घाई आम्हांस आवडली नाहीं. विश्वचषक ज्या एका चेंडूवर लोंबकळत आहे, त्यासाठीं पंचांनीं आणखी दोन बाजूंनीं चित्र पाहिलें असतें, सीमा कोठें होती हें मोठ्यानें सांगितलें असतें, तर काय बिघडलें असतें? हरणाऱ्याच्या मनांतला कांटा दोन मिनिटांत निघाला असता.

काकू इतका वेळ पानें वाढीत होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें: "टोला हार्दिकचा आणि झेल मिलरचा असता, तर तुमच्यांतला कोण कोणत्या बाजूस असता?" धाकट्या काकांनीं ताक मागितलें.

तात्यांना यावरून 1980 सालची फेब्रुवारी आठवली. वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना. इंग्लंडचे पांच गडी 58 धावांत गेले होते. बॉब टेलर याला यष्टीमागें झेलबाद दिला. पण चेंडू बॅटला लागलाच नव्हता असें पाहून कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनीं त्याला परत बोलाविलें. टेलर आणि बोथम यांनीं मग 171 धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनीं हरला. तात्या म्हणाले, "त्या दिवशीं आम्हीं विश्वनाथांना शिव्याच दिल्या. आतां नांव घेतों तें त्याच गोष्टीसाठीं."

हें सारें घरांतला चौदा वर्षांचा नातू भिंतीला टेकून ऐकत होता. त्या हिवाळ्यांत गल्लींतल्या संघांचा सामना होता. सीमा फक्कीनें आंखलेली, ती पळापळींत निम्मी पुसलेली. शेवटच्या षटकांत यानें पाठीमागें जात एक देखणा झेल घेतला. पंचानें बोट वर केलें, मुलें नाचूं लागलीं, आणि हा पुढें येऊन म्हणाला कीं माझी टाच फक्कीवर होती. षटकार दिला गेला, सामना हातचा गेला. आठवडाभर कोणी त्याच्याशीं बोललें नाहीं.

घरीं पुन्हां तट पडले. थोरल्या चिरंजीवांनीं पाठ थोपटली. धाकटे काका म्हणाले, पंच कशाला नेमतात मग? तात्यांनीं मात्र नातवाला जवळ बसवून विचारलें कीं फक्की जेथें पुसली होती तेथें टाच होती कीं जेथें शाबूत होती तेथें. मुलगा म्हणाला, "पुसली होती तेथेंच, पण रेघ कोठें होती तें मला ठाऊक होतें. सकाळीं मींच मारली होती."

तात्या बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मुलांचा अबोला पुढें सुटला. तो अजून त्याच संघांत खेळतो. कर्णधार मात्र त्याला आतां सीमेवर उभा करीत नाहीं.