फेऱ्यांची घोकंपट्टी पुरे

मुलीचा ब्रेस्टस्ट्रोकचा वेळ कमी होत नाही, म्हणून तुम्ही काय करता? आठवड्याला आणखी एक सराव, महागडा स्विमसूट, वर खाजगी प्रशिक्षक. आणि ती मात्र टोकाला पोचली की भिंत धरते, छाती पाण्याबाहेर काढते, दम घेते आणि मग वळते. तिथे गेलेला वेळ कोणताही सूट परत आणत नाही.

हिशोब करा. इथे अमेरिकेत मुलांच्या हिवाळी स्पर्धा बहुतेक २५ यार्डांच्या तलावात होतात. २०० यार्डांत सात टर्न. प्रत्येक टर्नला अर्धा सेकंद वाया गेला, तर साडेतीन सेकंद गेले. मोठ्यांचे आकडेही हेच सांगतात. अ‍ॅडम पीटीने २०१९ साली ५० मीटरच्या तलावात १०० मीटर ५६.८८ सेकंदांत पार केले. इल्या शिमानोविचने २०२१ साली २५ मीटरच्या तलावात ५५.२८ सेकंदांत. अंतर तेच, टर्न दोन जास्त. ब्रेस्टस्ट्रोक हा चारही प्रकारांत सर्वांत संथ. भिंतीला पाय लावून मिळणारा वेग पोहून कधीच मिळत नाही.

"सराव वाढला की टर्न आपोआप सुधारेल," असं आपल्याला वाटतं. का सुधारेल? एका लेनमध्ये सहा-सात मुलं, भिंतीपाशी गर्दी. तिथे रोज शंभर वेळा चुकीचं वळणं म्हणजे चुकीचीच घोकंपट्टी. शाळेतल्या घोकंपट्टीला आपण नावं ठेवतो आणि तीच पैसे मोजून पाण्यात करून घेतो.

शिकवायचं आहे ते मोजकंच. हात पूर्ण लांबवलेले असताना भिंत गाठायची. दोन्ही हात एकाच वेळी, एकमेकांपासून सुटे टेकवायचे. कठडा ओढून वर चढायचं नाही. गुडघे पोटाशी, एक कोपर लगेच मागे, दुसरा हात कानाजवळून पाण्यावरून. पाय टेकताच कुशीवरून, छाती खाली वळवत सुटायचं. मग अंग बाणासारखं ताणून वेग ओसरू लागेपर्यंत थांबायचं. त्यानंतर हातांचा मांड्यांपर्यंत एक लांब ओढा, डॉल्फिनची एकच लाथ आणि वर. ही लाथ नियमांत २००५ पासून आली. दुसरी मारली तर शर्यत बाद.

बाद होण्याचं दुःख मुलांना फार लागतं. एक हात आधी टेकला म्हणून दहा वर्षांची मुलं टॉवेलात तोंड लपवून रडतात आणि आपण पंचांना दोष देतो. सरावात ही चूक कोणी दाखवली होती का, हे मात्र विचारत नाही.

म्हणून आणखी फेऱ्या मागू नका. प्रशिक्षकांकडे रोजची दहा मिनिटं मागा: एका वेळी एकच मूल, भिंतीपासून दहा यार्डांवरून येणं, वळणं आणि परत जाणं. तुम्ही बाकावर बसून हात टेकल्यापासून पाय सुटेपर्यंतचा वेळ मोजा. महिनाभर तेवढाच आकडा लिहून ठेवा. सूट नंतरही घेता येईल.