आकाशातील उडी आणि परदेशची चाकरी

मुलाने अगर मुलीने कोणता व्यवसाय पत्करावा, ह्याविषयी आमच्या घरांतून जी चर्चा चालते तिचा परीघ अलीकडे फार विस्तारला आहे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर आणि प्राध्यापक ह्या चार खांबांच्या मांडवात ती पूर्वी सुखाने पार पडत असे. ठाण्यानजीकच्या कोलशेत येथील एका वाचक कुटुंबाकडून आम्हांस ह्या खेपेस जो प्रश्न आला आहे, तो मात्र ह्या मांडवात कोठेच बसत नाही. घरातील तेवीस वर्षांची पदवीधर कन्या परदेशी प्रवासास गेली असता तिने विमानातून हवाई छत्रीने उडी घेतली, आणि आता हेच काम शिकून परदेशी चरितार्थ चालवावा असे तिच्या मनाने घेतले आहे. पुढील शिक्षणासाठी बाजूस ठेवलेली रक्कम ती ह्या कामी मागत आहे. आजींचा सक्त विरोध आहे, काका गोष्ट हसण्यावारी नेतात, आणि आईवडील मधल्यामध्ये अडकले आहेत. कोठे शिकावे, पुढे काम मिळते काय, आणि रक्कम द्यावी की न द्यावी, अशी त्यांची त्रिविध पृच्छा आहे. प्रश्न एका घरचा असला तरी असले प्रश्न उद्या अनेक घरी उद्भवणार आहेत. म्हणून त्याचा विचार येथे सविस्तर करीत आहो.

आजींच्या आक्षेपातील पहिला मुद्दा असा दिसतो की, हे आपल्याकडचे काम नव्हे, आणि बाईमाणसाचे तर नव्हेच. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. आंद्रे गार्नेरिन ह्या फ्रेंच गृहस्थाने १७९७ साली पॅरिस येथे बलूनमधून हवाई छत्रीने उडी घेतली. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १७९९ मध्ये, त्याची शिष्या व पुढे पत्नी झालेली जान लाब्रोस हिने तेच साहस केले. आपल्याकडे रामचंद्र चतर्जी ह्यांनी १८९० मध्ये कलकत्त्यास बलूनमधून उडी घेतली. लष्करातील डॉक्टर रंगराज ह्यांनी १९४१ साली कराचीस विमानातून उडी घेऊन भारतीय छत्रीधारी सैनिकांच्या परंपरेस आरंभ केला, आणि १९५९ मध्ये हवाई दलातील डॉक्टर गीता चंद ह्यांनी ती विद्या स्त्रियांसाठी खुली केली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या युद्धात टांगाइल येथे जी पलटण आकाशातून उतरली, ती मूळची मराठा लाइट इन्फंट्रीतील होती, हे महाराष्ट्रीय घरांनी तरी विसरू नये.

आजच्या काळातले उदाहरण तर पुण्याचेच आहे. शीतल महाजन ह्यांनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली, तेव्हा त्या अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि ती त्यांची आयुष्यातील पहिलीच उडी होती. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुव गाठला. २०११ साली सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली, आणि २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. पहिल्याच उडीस ध्रुव गाठण्याचे साहस कोणी अनुकरणासाठी घेऊ नये; परंतु ‘आपल्याकडचे काम नव्हे’ हा मुद्दा ह्यापुढे टिकत नाही, इतके निश्चित.

दुसरा मुद्दा जिवाच्या धोक्याचा. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा खचित नाही. उडी साधारणतः १३,००० फुटांवरून होते. आपल्या कळसूबाईची उंची ५,४०० फूट आहे. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवून आणखी वर जावे लागते. तेथून सुटलेला मनुष्य ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने जवळजवळ एक मिनिट खाली येतो, आणि शिकाऊ असल्यास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवरच छत्री उघडतो. पाठीवरील पिशवीत दोन छत्र्या असतात. एक नेहमीची व दुसरी राखीव. शिवाय मनुष्य बेशुद्ध पडला अथवा गोंधळला, तर ठराविक उंचीवर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्रही शिकाऊंच्या सामानात बसविलेले असते. अमेरिकेतील संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली त्या देशात सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या व दहा मृत्यू घडले. ह्यातील मर्म असे की, अपघातांपैकी बरेचसे छत्री न उघडल्यामुळे होत नाहीत. उत्तम उघडलेली, परंतु लहान व वेगवान छत्री जमिनीजवळ आल्यावर झटक्याने वळविण्याच्या हौसेने होतात. म्हणजे येथे सामानाइतकेच स्वभावाला महत्त्व आहे. मुलगी नियम पाळणारी आहे की शर्यत लावणारी, हे घरच्यांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

आता स्थळाचा विचार. कोलशेतात हवाई दलाचे ठाणे असले तरी तेथे नागरिकांस उडी घेता येत नाही. मुंबईच्या विमानतळाची अखंड वाहतूक, एका बाजूस खाडी, आणि जुन्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारती, अशा जागी छत्रीने उतरावे तरी कोठे? ह्या खेळास मोकळे आकाश, रुंद मैदान आणि स्वच्छ हवा ह्या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. त्यात आमच्या कोकणपट्टीचे चार महिने पाऊसच घेतो. आग्र्याची हवाई दलाची शाळा नामांकित खरी, पण ती सैन्यासाठी आहे. नागरिकांसाठी हरियाणातील नारनौलसारख्या काही धावपट्ट्यांवर उड्या झाल्या आहेत. तथापि वर्षभर अखंड चालून शेकडो उड्यांचा अनुभव देतील अशी मैदाने आपल्याकडे विरळाच. म्हणूनच ही विद्या व्यवसाय म्हणून शिकणाऱ्यास परदेशची वाट धरावी लागते.

तथापि परदेशातील मैदान निवडताना बहुतेक तरुण एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे छायाचित्र. दुबईचा कृत्रिम ताडद्वीप, स्पेनचा एम्पुरियाब्रावा किनारा, न्यूझीलंडमधील टाउपोचे सरोवर, स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनची हिमशिखरे, ही दृश्ये मनोहर आहेत ह्यात संशय नाही. एकदाच उडी घेऊन परतणाऱ्या प्रवाशास ती पुरेत. शिकणाऱ्याने मात्र रूक्ष वाटणारी जागा पत्करावी. अमेरिकेतील ॲरिझोनाचे इलॉय, कॅलिफोर्नियाचे पेरिस आणि फ्लोरिडाचे डीलँड ही ठिकाणे ह्या विद्येची माहेरघरे समजली जातात. कारण तेथे बारमाही उड्डाणे होतात, उतरण्यास जागा ऐसपैस असते आणि अनुभवी मंडळींचा सहवास लाभतो. जेथे ढग व वारा ह्यांमुळे आठवड्यात दोनच दिवस विमान उडते, तेथे स्वस्त शुल्कही राहण्याजेवण्याच्या खर्चात महाग पडते. शाळा देशाच्या मान्य संघटनेशी संलग्न आहे काय, राखीव छत्री कोणी व केव्हा बांधली ह्याची नोंद दाखवितात काय, आणि वारा वाढला की नवशिक्यांस खाली बसवितात काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर टाळणाऱ्या शाळेची पायरी चढू नये.

ह्यापुढचा भाग पोटाचा, आणि खरी मेख येथेच आहे. हौशी मनुष्य ‘ए’ परवाना मिळाला की कृतकृत्य होतो. अमेरिकेत त्यास पंचवीस उड्या लागतात, ‘बी’ला पन्नास, ‘सी’ला दोनशे आणि ‘डी’ला पाचशे. शंभर उड्यांनंतर नवशिक्यांस साहाय्य करणाऱ्या मार्गदर्शकाची परीक्षा देता येते. डोक्यावर कॅमेरा बांधून चित्रे घेण्यास निदान दोनशे उड्या असाव्यात असा सल्ला आहे. विद्यार्थ्याबरोबर मोकळ्या हवेत पडत त्यास शिकविणाऱ्याच्या गाठी सहा तासांचे मुक्त पतन हवे. एका उडीत एक मिनिट धरले, तर ह्या उड्या तीनशे साठ झाल्या. आणि अनोळखी प्रवाशास पुढ्यात बांधून उडी घेणारा टँडम शिक्षक, ज्याच्यावर ह्या सर्व धंद्याची मदार आहे, त्यास अमेरिकन कायद्याप्रमाणे पाचशे उड्या आणि तीन वर्षांचा अनुभव अनिवार्य आहे. पैसे टाकून उड्या लवकर वाढविता येतील. तीन वर्षे मात्र कोणासही विकत घेता येत नाहीत.

मग तोवर खावे काय? ह्याचे उत्तर जमिनीवर आहे. उतरलेल्या छत्र्या घडी घालून पुन्हा पिशवीत बसविणारे कामकरी प्रत्येक मैदानास लागतात, आणि त्यांस दर छत्रीमागे मोबदला मिळतो. पाहुण्यांची नोंद करून विमानात कोण केव्हा चढणार ह्याचा हिशेब ठेवणारे कारकून लागतात. ह्याहून वरचे काम राखीव छत्री बांधणाऱ्या ‘रिगर’चे. अमेरिकेत ही छत्री दर एकशे ऐंशी दिवसांनी प्रमाणपत्रधारक रिगरकडूनच उघडून बांधावी लागते. आणि ज्या जातीच्या छत्रीचा परवाना हवा, तशा निदान वीस छत्र्या बांधून मगच परीक्षा देता येते. हे काम बसून करण्याचे व चिकाटीचे आहे. गुडघे दुखू लागल्यावरही ते सुटत नाही, म्हणून आमच्या मते कन्येने ह्याकडे विशेष लक्ष द्यावे. टँडम शिक्षकासही बहुधा उडीमागेच वेतन मिळते. ज्या दिवशी आभाळ भरून येते, त्या दिवशी चूल थंड. म्हणून कित्येक शिक्षक उन्हाळ्यामागे धावतात. मे ते सप्टेंबर युरोपात, आणि उरलेले महिने ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडात.

परंतु आपल्या पारपत्रावर अशी धाव सहजासहजी घेता येत नाही. प्रवासी व्हिसावर छत्री घडी करण्याचे कामही मोबदल्याने करता येत नाही. मग मोबदला रोख मिळो वा जेवणाच्या रूपाने. पकडले गेल्यास त्या देशाचे दार दीर्घकाळ बंद होऊ शकते. कायदेशीर वाटा थोड्या, पण आहेत. ब्रिटनने २०२३ पासून अठरा ते तीस वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी सोडतीने दरवर्षी तीन हजार जागा ठेवल्या असून त्यांस दोन वर्षे राहून काम करता येते. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये त्याच वयोगटासाठी एक हजार जागांची, एक वर्षाच्या मुदतीची सोडत सुरू केली. तिच्यात एका धन्याकडे सामान्यतः सहा महिनेच राहता येते. दुबईसारख्या ठिकाणी नोकरी देणाऱ्यानेच व्हिसा काढावा लागतो, आणि तो नवशिक्यासाठी कोण काढणार? म्हणजे शिडी तीन वर्षांची, आणि दार उघडे एक-दोन वर्षेच. जो आधी सोडतीत नाव घालतो व तेथे गेल्यावर पहिली उडी शिकतो, त्याची मुदत शिकण्यातच सरते. आधी परवाना, शंभर-दोनशे उड्या व छत्री बांधण्याचा हात तयार करून, मग सोडतीत नाव घालावे, हाच क्रम योग्य होय. तेवीस वर्षांच्या मुलीस ह्यासाठी तिसापर्यंत पुरेसा अवकाश आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी हीच योजना आखणे कठीण जाईल.

राहिला रकमेचा प्रश्न. अमेरिकेत पहिल्या परवान्यापर्यंत तीन-चार हजार डॉलर लागतात. पुढील प्रत्येक उडीचे विमानभाडे तीस डॉलर धरले, तरी पाचशेपर्यंत पोहोचण्यास आणखी चौदा हजारांहून अधिक. त्यात स्वतःची छत्री, निवास व विमा निराळा. प्रवासाचा साधा विमा बहुधा असल्या साहसास लागू नसतो. आणि संघटनेच्या सभासदत्वातील विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो, आपल्या मोडलेल्या हाडासाठी नव्हे. ही गोष्ट कागद वाचून पक्की करावी.

एवंच, आमचा अभिप्राय असा: सर्व रक्कम एकदम देऊ नये, आणि सर्वस्वी नाकारूही नये. पहिल्या परवान्यापुरती द्यावी. मुलीने परत यावे, आपल्या पदवीच्या बळावर येथे नोकरी धरावी, आणि पुढच्या शंभर उड्या शक्यतो स्वतःच्या मिळकतीतून कराव्यात. तेवढ्यानंतरही जिचे मन उडीच्या क्षणापेक्षा छत्रीच्या दोऱ्या नीट लावण्यात रमते, तिला हा धंदा मानवेल. बाकीच्यांस तो उत्तम छंद म्हणून पुरे. पुढील शिक्षणाची उरलेली रक्कम तोवर अबाधित राहील. आजींस आमची विनंती इतकीच की, त्यांनी ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘वारा वाढला तर तुझे गुरुजी तुला खाली बसवतात का गं?’ असे नातीस विचारावे. त्या उत्तरावरून त्यांस शाळेची आणि नातीची, दोघींचीही पारख होईल.