कमरेला शस्त्र लावण्याआधी



१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत जुहूच्या राहत्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. बाहेरगावी निघताना रिव्हॉल्व्हर ठेवत असताना ते हातातून निसटून पडलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. शस्त्रक्रिया झाली, ते बरे झाले. पण त्या बातमीतून प्रत्येक परवानाधारकानं एक गोष्ट मनावर घ्यावी. शत्रूवर गोळी झाडण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर जन्मात येणार नाही. शस्त्र काढण्या-ठेवण्याची वेळ मात्र रोज येते, आणि धोका तिथंच असतो. म्हणून जवळ बाळगायचं छोटं शस्त्र निवडताना पहिला प्रश्न एकच विचारा: हे माझ्या हातात, कमरेवर आणि घरात रोज सुरक्षित राहील का?

सर्वसामान्य परवान्यावर ९ मिमी पिस्तूल किंवा पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हर मिळत नाही, ती निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. त्यामुळे बहुतेकांची निवड पॉइंट ३२ वर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्यांचं रिव्हॉल्व्हर, २०१४ साली महिलांना डोळ्यांसमोर ठेवून आणलेलं हलकं ‘निर्भीक’, २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’, आणि पिस्तुलात ‘अशनी’ ही त्यातली परिचित नावं. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकांसाठी कित्येक वर्षं जवळजवळ बंद आहे, म्हणून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला अवाच्या सवा भाव येतो. त्या भावाला भुलू नका. नाव मोठं असलं तरी आतले भाग झिजलेले असू शकतात.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? ज्यांना महिन्या-दोन महिन्यांतूनही सरावाला जाणं जमणार नाही, त्यांनी रिव्हॉल्व्हरच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते उघडलं की भरलेलं आहे की रिकामं, हे डोळ्यांना दिसतं. एखादं काडतूस फुसकं निघालं, तर चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तूल चपटं असतं, कपड्यांखाली सहज लपतं. पण मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं, आणि ‘रिकामं आहे’ असं समजून हाताळताना घात होतो. शिवाय त्याची स्लाइड मागे ओढायला मनगटात जोर लागतो. तो नसेल तर दुकानातच कबूल करा, पुढचा मनस्ताप वाचेल.

दुकानात शस्त्र रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, नळी भिंतीकडे ठेवा आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन हात बसवून बघा. मूठ तळहातात घट्ट बसते का? मनगट सरळ ठेवून तर्जनीचं पहिलं पेर चापापर्यंत पोचतं का? रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता चाप ओढायला बराच जोर लागतो. तो ओढताना नळीचं टोक हलतं का? हलत असेल तर नेमही हलणार. फार हलकं शस्त्र दिवसभर कमरेला सोयीचं वाटतं, पण तेच काडतूस त्यातून झाडलं की झटका जास्त बसतो. फार आखूड नळी लपवायला बरी, नेमाला अवघड.

आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे मोजू नका: हे खाली पडलं तर गोळी सुटेल का? घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर येईल, अशी सोय चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये असते. ती आहे आणि चालते आहे, हे जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या, विशेषतः शस्त्र जुनं असेल तर. ती नसेल, तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवण्याची जुनी शिस्त पाळा. एक गोळी कमी बसेल, पण पाय शाबूत राहील.

काडतुसांबाबत सगळ्यात मोठी गफलत ‘पॉइंट ३२’ या नावातच आहे. रिव्हॉल्व्हरचं पॉइंट ३२ काडतूस लांब आणि कडेला ओठ असलेलं असतं. पिस्तुलाचं पॉइंट ३२, म्हणजेच ७.६५ मिमी, आखूड असतं. ही दोन वेगळी काडतुसं आहेत. एकाचं दुसऱ्यात भरण्याचा प्रयोग कधीही करू नका. परवाना, शस्त्र आणि काडतुसांचं खोकं विक्रेत्यापुढे एकत्र ठेवून मेळ घाला.

पॉइंट ३२ कमी ताकदीचं म्हणून बरेच जण नाक मुरडतात. रिव्हॉल्व्हरचं हेच काडतूस नेमबाजीच्या स्पर्धांतही वापरलं जातं, कारण ते नेमाला पक्कं आणि झटक्याला सौम्य आहे. ज्याची भीती वाटत नाही, त्याचाच सराव होतो. वर्षाला किती काडतुसं घेता येतील आणि एका वेळी किती जवळ ठेवता येतील, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. त्यातली जुनी सरावात संपवा, नवी जवळ ठेवा. हिरवट पडलेली, पिचकलेली काडतुसं बाजूला काढून विक्रेत्याला दाखवा. काडतुसांना तेल लागू देऊ नका, ते आत झिरपलं तर काडतूस निकामी होऊ शकतं. कोकणातल्या दमट हवेत चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं महिनोन् महिने ठेवली, की पितळेवर हिरवा थर चढतो. ती कोरड्या डब्यात ठेवा.

सरावात चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा; स्फोट उशिरा होऊ शकतो. नेहमीपेक्षा दबका आवाज आला, तर लगेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटेल.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर-पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलंच पाहिजे. मिरवण्याला कायद्यात जागा नाही. चाप पूर्ण झाकणारं, घट्ट बसणारं होल्स्टर घ्या; नुसतं खिशात, किल्ल्यांच्या जुडग्यासोबत शस्त्र टाकू नका. ताईंनो, पर्समध्ये ठेवणार असाल तर त्यासाठी स्वतंत्र कप्पा हवा आणि पर्स अंगावरून उतरता कामा नये. ती हिसकावली गेली, तर शस्त्र चोराच्या हाती जाईल. मद्य घेणार असाल त्या दिवशी शस्त्र घरी कुलपात ठेवा. लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे.

घरी काडतुसं भरण्या-काढण्याची एकच जागा ठरवा. त्या वेळी फोन नको, घाई नको, कुणाशी बोलणं नको. शस्त्र हातातून निसटलंच तर पडू द्या. झेलायला गेलात की बोट चापावर जातं. शस्त्र कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. मुलांना जागा ठाऊक नाही, या समजुतीवर विसंबू नका. घरात कुणी खोल निराशेत असेल, व्यसनात असेल किंवा टोकाचे वाद चालले असतील, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. कायद्यात तशी सोय आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

स्वसंरक्षणाचा अधिकार १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याला मर्यादा आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो अधिकार उरत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. ही कलमं खरेदीच्या आधी वाचा, वकिलाकडून समजून घ्या.

माझी कळकळीची विनंती एवढीच आहे. अर्ज करण्याआधी जवळच्या रायफल क्लबात जा, जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली शिका, आणि मग स्वतःला विचारा: सराव, कुलूप, शिस्त आणि शांत डोकं, हे चारही मला वर्षानुवर्षं जमणार आहे का? जमणार असेल तर वर सांगितलेलं सगळं तपासून शस्त्र घ्या. जमणार नसेल, तर तो पैसा पक्क्या दाराला, उजेडाला आणि शेजाऱ्यांशी संबंध ठेवायला लावा. घराचं रक्षण त्यानंही होतं, आणि त्यातून चुकून गोळी सुटत नाही.