निकाल विचारणारे काका

पुण्यात शास्त्री रस्त्यावरच्या टपरीवर परवा एक मुलगा फोनवर सांगत होता, "आई, दिवाळीला नाही जमणार, अभ्यास आहे." चहा संपेपर्यंत कळलं, अभ्यास हे निमित्त, त्याला चुकवायचेत गावाकडचे काका. पारावर, पंगतीत, अगदी मयतीलाही (विनोद नाही हा) त्यांचं एकच : "लागला का निकाल?" एमपीएससीच्या राज्यसेवेला बसतात लाखांनी, जागा निघतात शेकड्यांत, हा भागाकार काकांना कुणी शिकवायचा? ताण आला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर २०२२पासून चोवीस तास फुकट बोलता येतं. पोरांनी तो जरूर लावावा, पण समुपदेशनाची खरी गरज काकांनाच आहे. मी मोठ्या मनानं त्याच्या चहाचे पैसे दिले आणि जाता जाता विचारलंच, "मग, पुढची परीक्षा कधी?"