आइस्क्रीममधला हातबॉम्ब

कार्टून म्हणजे पोराटोरांची गंमत, हे ज्यानं आपल्याला शिकवलं त्यानं आपल्याला गंडवलं. सरकारला जे भाषणातून लोकांच्या गळी उतरवता येत नाही ते ससा आणि बदक आरामात उतरवतात. बदकाशी कोण भांडणार?

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका घ्या. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडले आणि हॉलिवूडचे कार्टूनवाले कामाला जुंपले गेले. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत लष्करानं मुक्काम ठोकला. १९४२ साली सरकारी खजिन्यानं डोनाल्ड डकच्या तोंडून जनतेला इन्कम टॅक्स भरायला सांगितलं. सैनिकांना शिस्त शिकवायला 'प्रायव्हेट स्नाफू' नावाचा बावळट शिपाई जन्माला घातला. इथपर्यंत आपली तक्रार नाही. युद्धात सरकार कर मागणार, शिस्त मागणार. हिटलरशी लढायलाच हवं होतं, यातही वाद नाही. सवाल एवढाच, की शत्रूचं चित्र कसं काढलं?

आधी जर्मन बघा. डिस्नेच्या 'डेर फ्युरर्स फेस'ला १९४३ साली ऑस्कर मिळालं. त्यात डोनाल्ड नाझी राज्यात तोफगोळ्यांच्या कारखान्यात राबतो, हिटलरच्या फोटोला सलाम ठोकून ठोकून वेडा होतो. आपण हसतो ते हिटलरला. राबणाऱ्याची कीव येते. त्याच साली 'एज्युकेशन फॉर डेथ' आलं. त्यात हान्स नावाचं एक जर्मन पोरगं आहे. कोल्ह्यानं सशाला खाल्लं या गोष्टीत त्याला सशाची दया येते, म्हणून मास्तर त्याला शिक्षा करतो. दया अशी ठेचून ठेचून शेवटी त्याचा मरायला आणि मारायला तयार शिपाई होतो. म्हणजे पोरगं मुळात चांगलं होतं, नाझींनी नासवलं. बरोबर आहे. माणूस असाच नासवला जातो.

आता जपानी बघा. जाड चष्मा, बाहेर आलेले दात, पिवळी कातडी. एकाला काढला की सगळे काढले. त्यात हान्स नाही. शाळा नाही, आई नाही, नासण्याआधीचं बालपण नाही. १९४४ साली वॉर्नर ब्रदर्सनं 'बग्ज बनी निप्स द निप्स' काढलं. नावातच शिवी. लाडका ससा आइस्क्रीमची गाडी घेऊन येतो. जपानी सैनिकांना त्यांच्या डोळ्यांवरून, तोंडावरून शिव्या हासडत आइस्क्रीम वाटतो. प्रत्येक आइस्क्रीममध्ये हातबॉम्ब. धडाधड मरतात. थिएटर हसतं.

जर्मनाचा गुन्हा त्याचा पक्ष, जपान्याचा गुन्हा त्याचा जन्म. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवायची ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि हे पडद्यावर राहिलं नाही. पुढे डॉक्टर स्यूस म्हणून पोरांचा लाडका झालेला थिओडोर गायझेल तेव्हा वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचा. १३ फेब्रुवारी १९४२ ला त्यानं चित्र काढलं : अमेरिकेतल्याच जपान्यांची लांबच लांब रांग, सगळे हसतायत आणि स्फोटकं घेतायत. सहा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं ९०६६ नंबरच्या हुकुमावर सही केली. सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाची माणसं घरंदारं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत गेली. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक. पश्चिम किनाऱ्याचा सेनापती जनरल डिविट १९४३ मध्ये संसदेच्या समितीपुढे सरळ बोलला, की जपानी तो जपानीच, नागरिक असला तरी फरक पडत नाही. चित्रकाराची रेघ आणि सेनापतीची जीभ, दोन्ही एकच.

काळ्या माणसाचं काय? वॉर्नरचंच १९४३ चं 'कोल ब्लॅक अँड डी सेबन ड्वॉर्फ्स' बघा. काळ्या माणसांची जाड ओठांची विटंबना. त्यातले बुटके अमेरिकी सैन्यात आहेत. खऱ्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, ते मोडायचा हुकूम निघाला १९४८ साली. त्याच कार्टूनमध्ये भाडोत्री मारेकऱ्यांच्या गाडीवर दर लिहिलाय : कुणालाही मारायचा एक डॉलर, बुटका अर्ध्या किमतीत, जपानी फुकट. एकाच चित्रात काळ्याला हसायचं आणि जपान्याला फुकट मारायचं. वंशद्वेष असा काटकसरी असतो.

याहून भयंकर म्हणजे माणूस काढायचाच नाही. डिस्नेचं १९४३ चं 'व्हिक्टरी थ्रू एअर पॉवर' लांब पल्ल्याच्या विमानांनी शत्रूचा मुलूख भाजून काढायचा प्रचार करतं. शेवटी अमेरिकेचा गरुड जपानी ऑक्टोपसला भोसकतो. बॉम्ब पडतात, कारखाने फुटतात, पण खाली माणूस मरताना दिसत नाही. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री खऱ्या टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले. एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं मेली. कार्टूननं बॉम्ब टाकला असं कुणी म्हणत नाही. पण टाकणाऱ्याच्या मागं उभ्या असलेल्या जनतेची कीव आधीच मारून ठेवली होती.

कुणी म्हणेल, जपानी लष्कर काय साधू होतं? अजिबात नव्हतं. १९३७ साली नानकिंगमध्ये त्यांनी जे केलं त्याला माफी नाही. आणि त्यांचीही कार्टूनं होती. जपानी नौदलानं मित्सुयो सेओकडून 'मोमोतारो : उमी नो शिंपेई' काढून घेतलं, एप्रिल १९४५ मध्ये ते लागलं. ७४ मिनिटांचं, जपानचं पहिलं पूर्ण लांबीचं कार्टून. गोऱ्यांच्या गुलामीतून आशियाला सोडवायला मोमोतारो निघतो. इंग्रज अधिकारी शिंगवाले, थरथर कापणारे. ते ठीक. पण ज्यांना सोडवायचं ते बेटावरचे लोक कसे? रानटी जनावरं. ती विमानतळाची मजुरी करतात आणि जपानी सैनिक त्यांना गाण्यातून आपली मुळाक्षरं शिकवतात. जावा बेटावर तेव्हा लाखो माणसं जपान्यांची वेठबिगारी करत होती. मुक्तिदात्याच्या कुंचल्यातही गुलामाला माणसाचं तोंड मिळालं नाही.

१९६८ साली 'कोल ब्लॅक'सह ११ कार्टूनं अमेरिकन टीव्हीवरून काढून टाकली. छावण्यांबद्दल १९८८ साली कायदा करून सरकारनं माफी मागितली, वाचलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले. छत्तीस वर्षं नव्हे, शेहेचाळीस वर्षं लागली.

ही कार्टूनं जाळा असं आपण म्हणत नाही. आज ती मोबाइलवर सापडतात. बघा, चारचौघांत बसून बघा. आणि पुढच्या युद्धाचं कार्टून, सिनेमा, व्हिडिओ हातात येईल तेव्हा शेअर करण्याआधी एकच विचारा : यातल्या शत्रूला बालपण दिलंय का? दिलं नसेल तर त्या आइस्क्रीमला तोंड लावू नका.